नातवंडांचा ना-हरकत दाखला

दि. २ मे, सकाळी चहानंतर

(गावाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. तुझं माहेर तुला माहीत आहे, आणि बाकी कोणाला कळूच नये असा हा मामला आहे.)

तीर्थस्वरूप भागूअक्का हिच्या पायी धाकट्या काकासाहेबाचा दंडवत.

तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला गेला, की अजून भजनात टाळाच्या जागी तोच चालतोय? म्हैस व्याली असं उडत उडत कळलं. खरवस आमच्यापर्यंत आला नाही, त्याअर्थी चांगला झाला असावा. पूजा सूनबाई बरी असणारच. तिच्या मोबाईलच्या स्टेटसवर तुमच्या घरातलं रोज सगळं दिसतं, परवा तर दाजी बनियनवर दाढी करताना दिसले. मी फोन न करता पत्र लिहितोय त्याचं कारण हेच. शिवाय तू फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवतेस. मी इकडून म्हणावं, अक्का, कोणाला सांगू नको, आणि तिकडून चार बायांनी म्हणावं, नाही सांगत हो भाऊ. तेव्हा छगनच्या टेम्पोतून पाकीट पाठवतोय. छगनला वाचता येतं, पण चष्मा लावायची लाज वाटते, म्हणून माणूस भरवशाचा.

आम्ही दोघं इकडे ठीक. म्हणजे तब्येतीनं ठीक. अब्रूनं कसे आहोत ते खाली लिहितो. बसून वाच, आणि दूध तापत ठेवलं असशील तर आधी गॅस बंद कर.

मूळ दुखणं दिवाळीतलं. ओंकार, मोनिका आणि पोरं पुण्याहून लक्ष्मीपूजनाला दुपारी टेकली आणि पाडव्याला जेवून गाडी फिरवून गेलीसुद्धा. (दीड दिवसाचा गणपती यापेक्षा सावकाश जातो. त्याला निदान पुढच्या वर्षी लवकर या असं म्हणायला वेळ मिळतो.) तेवढ्यात पार्थला शाळेचं काम होतं, घराण्याचं झाड काढून फांद्यांवर नावं लिहायची. अकरा वर्षांचं पोर, गुरूला चंद्र किती ते तोंडपाठ, आणि माझ्यापाशी येऊन हळूच विचारतं, आजोबा, आजीचं नाव काय हो? मी म्हटलं, गोजरबाई. तर हसलं आणि म्हणालं, खरं सांगा ना. अक्का, तुझी भावजय आत करंज्या तळत होती. तिनं ऐकलं. झारा तेलात तसाच धरून उभी राहिली आणि एक घाणा करपला. चाळीस वर्षांत तिचा घाणा करपलेला मी पाहिला नव्हता. धाकटी सृष्टी आठ वर्षांची, तिनं तर परस्परच कागदावर 'नगरची आजी' असं लिहून टाकलं. म्हणजे आम्ही दोघं नुसते पत्त्यापुरते उरलो. त्या दिवशी मी ठरवलं की या पोरांचे आठ दिवस मला पाहिजेत. पुरे आठ. मधे आईबाप नकोत.

आता तू म्हणशील, मग मे महिन्यात घरी बोलवायची. अगं, तीन वर्षं बोलवतोय. पहिल्या वर्षी पोहण्याचा क्लास. दुसऱ्या वर्षी कसले तरी मणी सरकवून गणितं करायचा क्लास. (आपण चिंचोक्यांवर शिकलो, पण चिंचोक्याला प्रमाणपत्र नसतं.) तिसऱ्या वर्षी मोनिका म्हणाली, बाबा, तिकडे धूळ फार, सृष्टीला शिंका येतात. मोनिका काही लंडनची नाही, राहुरीची आहे. तिच्या स्वतःच्या नाकात मुळा धरणाच्या कालव्याची माती असेल. पण काय बोलणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

अशात आमच्या निवृत्त ग्रामसेवकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाचा फोटो आला. हा गृहस्थ नोकरीत असताना तालुक्याच्या मीटिंगलासुद्धा उशिरा पोचायचा, आणि आता उंच इमारतीपुढं टोपी घालून उभा, दोन बाजूंना दोन नातू. खाली लिहिलेलं: मुलांचे आईवडील घरी, आम्ही मजेत. हल्ली अशी पद्धतच निघाली आहे म्हणे, की आजी-आजोबांनी नातवंडांना घेऊन परदेशी जायचं आणि मधली पिढी घरी ठेवायची. मी सहज ओंकारला फोन लावला. आणि काय आश्चर्य, अक्का! आठ दिवस गावाला पाठव म्हटलं की ज्या पोरांना सतरा क्लास, तीच पोरं परदेशाला एका दमात मोकळी! पोहणं रद्द, मणी रद्द, शिंका बंद. ओंकार म्हणाला, बाबा, मुलांना एक्सपोजर मिळेल. आपल्या ओट्यावर बसलं की धूळ, आणि परक्या देशाच्या फुटपाथवर बसलं की एक्सपोजर!

देश कोणता यावर पारावर दोन दिवस चर्चा झाली. मी थायलंड म्हणालो तर मंडळी उगाच खोकली. (मागे एका संस्थेचे संचालक तिकडे ठिबक सिंचनाच्या अभ्यासाला गेले होते. आल्यापासून त्यांच्यापुढं ठिबकचा विषय काढला की ते पाऊसपाण्याचं बोलतात.) शेवटी सिंगापूर ठरलं. तिथं रस्त्यावर थुंकलं की दंड होतो हे ऐकून तीन जणांनी स्वतःची जायची इच्छा जागच्या जागी मागे घेतली. तुझी भावजय एवढंच म्हणाली, मे महिन्यात कुरडयांचा चीक शिजवायचा असतो, तो सिंगापुरात कुठं वाळत घालू? मी तिच्याकडं दुर्लक्ष केलं. इतकी वर्षं तेच करत आलो, हात बसलेला आहे.

नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण एस.टी.त चढणारी म्हातारी माणसं अजून नगरचंच तिकीट मागतात) सहलीच्या ऑफिसात निकिता नावाची एक चुणचुणीत मुलगी आहे. तिनं ग्रुपमध्ये चार जागा धरल्या, दोन मोठे आणि दोन छोटे, आणि म्हणाली, आजोबा, आईवडील बरोबर नसले तर दोघांच्याही सहीचं संमतिपत्र लागेल, त्यांची हरकत नाही म्हणून. अक्का, मला घाम फुटला. चौतीस वर्षं मी ग्रामसेवक होतो. विहिरीला, विजेला, गिरणीला, तमाशाच्या तंबूला, किती ना-हरकत दाखले या हातानं दिले! लोक माझ्या दारात चपला झिजवायचे. आणि आता माझ्या रक्ताच्या नातवाला विमानात बसवायला मला माझ्याच पोराकडून ना-हरकत दाखला पाहिजे! ज्याची शाळेतली रजाचिठ्ठी मी लिहायचो, त्याच्याकडं!

म्हटलं ठीक, दाखलाच ना, तो काय मला नवा आहे? रात्रीचा दिवस न करता, सकाळच्या चहात बसल्या बैठकीला लिहून काढला. जावक क्रमांक घातला. विषय, संदर्भ, दोन पंचांच्या सह्या, सरपंच अजिनाथ यांचा गोल शिक्का. आणि जुन्या सवयीनं हात चालत गेला तो थेट चतुःसीमेपर्यंत. 'कुमार पार्थ ओंकार, वय अकरा. चतुःसीमा: पूर्वेस आई, पश्चिमेस वडील, दक्षिणेस बहीण, उत्तरेस मोबाईल. कुमारी सृष्टी ओंकार, वय आठ. समोरील दोन दात पडलेले, सदर जागा मोकळी. वरील दोन्ही नातवंडे निर्वेध व बोजारहित असून सिंगापूर येथे नेण्यास कोणाची हरकत नाही.' निकितानं वाचलं आणि टेबलाखाली काही पडल्यासारखं करून बराच वेळ खालीच राहिली. वर आली तेव्हा डोळे पुसत होती. तिनं दुसरा इंग्रजी नमुना दिला, म्हणाली, यावर आईवडिलांनी नोटरीपुढं सही करायची. माझा कागद मात्र तिनं ठेवून घेतला. संदर्भासाठी असावा.

इंग्रजी नमुना पुण्याला गेला आणि तिथं अडकला. सहीच्या आधी मोनिकानं व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. त्यात आम्ही चौघं, आणि रोज एक अट. उन्हात जाताना मलम लावायचं. मोबाईल दिवसाला एक तास. (पोरांना नव्हे, मला. मी विमानतळावर फोनमध्ये डोकं घालून बसेन आणि पोरं हरवतील म्हणे.) दिवसातून तीनदा चेहरा दाखवून फोन. आणि आपण कुठं आहोत ते तिला नकाशावर सतत दिसलं पाहिजे. मी लिहिलं, सूनबाई, तुमचा नवरा सहा वर्षांचा असताना सोनईच्या मामाकडं बैलगाडीत बसून परस्पर गेला होता आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी निरोप आल्यावर कळलं. आम्ही नकाशा पाहिला नाही, तरी पोरगा इंजिनिअर झाला. त्यावर तिनं उत्तर दिलं, बाबा, याच गोष्टीची मला भीती वाटते. सही राहिली बाजूला.

इकडं गावात मात्र हलगी वाजायला लागली होती. आपल्या गावात एखाद्यानं नवी चप्पल घेतली तरी स्टँडवर शुभेच्छांचा फ्लेक्स लागतो, मी तर साता समुद्रापार निघालेला! अजिनाथनं भला मोठा फ्लेक्स लावला, 'परदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा'. त्यात अजिनाथ हातभर, मी बोटाएवढा, आणि विमान असं छापलंय की ते अजिनाथच्या कानातून निघालंय. तुझ्या भावजयीचा फोटो मिळाला नाही, म्हणून माझ्या नावापुढं नुसतं 'व सौ.' असं घातलं. मंदिरासमोर सत्कार झाला. फेटा, शाल, नारळ आणि सहा भाषणं. कांद्याचे व्यापारी म्हणाले, आमचा कांदा तिकडं जातो, दिसला तर कसा राहतोय बघून या. बचतगटाच्या बायांनी गोजरची ओटी भरली, अकरा खण आले. मी आल्यावर शाळेत 'सिंगापूर: एक अनुभव' यावर माझं भाषणही ठरलं आहे, तारखेसकट, खाली तोच अजिनाथ अध्यक्ष. हे सगळं हातात एकही सही नसताना! बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

आणि तेव्हाच खरी माशी शिंकली. पुण्याच्या चौघांचे पासपोर्ट आधीच काढून ठेवलेले होते, माझा आला, गोजरचा येईना. दोघांचे अर्ज एका दिवशी, पोलीस एकदाच येऊन चहा पिऊन गेला, तरी तिचा नाही! मोबाईलवर नंबर घालून पाहिलं तर लिहून येतं, पोचला. कोणाला? तर जिच्या नावे आहे तिलाच. मी तिला विचारलं. ती गहू निवडत होती, मान वर न करता म्हणाली, मला काय कळतंय त्यातलं. म्हणजे बघ, यंत्र सरळ सरळ खोटं बोलतंय! मी पोस्टमनशी तीन दिवस भांडलो. तो बिचकत बिचकत म्हणाला, काका, घरात बघा एकदा. मी त्याला म्हटलं, माझ्या घरात मला न कळता सुईसुद्धा येत नाही. एक लेखी तक्रारही दिली, जावक क्रमांकासह. हल्ली तो आपल्या गल्लीत सायकलवरून उतरत नाही, पत्रं फेकतो.

बुधवारपर्यंत निकिताला नावं पक्की कळवायची होती. मंगळवारी ओंकार आणि मोनिका आले. बैठक बसली. आणि अक्का, त्या बैठकीत जे झालं ते मी चौतीस वर्षांच्या ग्रामसभांत पाहिलं नाही. मोनिका म्हणाली, आईंचा पासपोर्ट नाही, बाबा एकटे दोन पोरांना नेऊ शकत नाहीत, आणि जागा तर धरलेल्या आहेत, नावं बदलून चालतात. तर आम्ही दोघं जाऊन येतो. मुलं आठ दिवस तुमच्याकडं राहतील. ही रंगीत तालीम समजा. पोरं नीट सांभाळलीत तर पुढच्या वर्षी मी डोळे मिटून सही करते. जिला सहा वर्षांत भाऊबीजेची रजा मिळाली नाही, तिला आठ दिवसांची रजा कधीच मिळालेली होती! मी गोजरकडं पाहिलं, म्हटलं ही तरी दोन शब्द सुनावेल. तर ती म्हणाली, जाऊ द्या की लेकरांना.

म्हणजे हिशेब लक्षात घे. नातवंडं आईबापाशिवाय पाहिजे होती, मिळाली. परदेश दौराही होतोय. फक्त दौऱ्यावर निघालेत आईबाप. मला रागही आला आणि हसूही आलं, आणि खरं सांगतो, त्या संध्याकाळी मी गोठ्यामागं जाऊन थोडा रडलोही. आनंदानं. आठ दिवस गं! पार्थ अजून दोन वर्षांत बारीक मिशी फुटलेला बाप्या होईल, मग आजोबाजवळ बसायची त्याला लाज वाटेल. हे आठ दिवस परत मिळायचे नाहीत.

पण ती आठ दिवस ठेवायची कुठं? आपल्या घरी राहिलो तर स्टँडवर फ्लेक्स, अंगावर शाल आणि माणूस ओट्यावर! अकरा खण परत करायचे का? अजिनाथ तर विमानाच्या जागी मलाच कानातून काढील. बाकी सगळं क्षेम. दाजींना नमस्कार, पूजाला आशीर्वाद, वासराला गोंजार.

तुझा,
काकासाहेब

ता. क. – एक बारीकसं काम होतं. आम्ही दोघं आठ तारखेला सकाळी गावातून निघू. स्टँडवर बँड आहे, हार आहेत. छगनचा टेम्पो आम्हाला विमानतळावर सोडायला म्हणून निघेल आणि राहुरीवरून वळून थेट तुझ्या दारात पुणतांब्याला येईल. ओंकार पोरांना परस्पर तिथंच आणतोय. तुझ्या माडीवरची खोली झाडून ठेव. कूलरची खस बदल. मी उजेडी बाहेर पडणार नाही. गोदावरीवर पोरांना दाजी नेतील, पण काठावरूनच पाय बुडवायचे, तालीम आहे, खरचटता कामा नये. आठवडी बाजाराच्या दिवशी तर मी खिडकीतही येणार नाही, तिथं आपल्याकडचे भाजीवाले असतात.

ता. क. दुसरा – पूजाचा मोबाईल आठ दिवस कणगीत ठेव. आणि श्रीरामपूरला कोणी गेलं तर परदेशी दिसतील अशी चॉकलेटं किलोभर आणून ठेव, गावात वाटायला लागतील. ओंकार तिकडून फोटो पाठवील, त्यात माझं तोंड बसवायचं काम पार्थनं घेतलं आहे. भाषणासाठी सिंगापूर तोच मला शिकवणार आहे, रोज दोन तास. एवढ्यासाठी तरी पोरगं माझ्याजवळ बसेल. गोजरचं काही विशेष नाही, ती कुठंही राहते.

पाकीट चिकटवायला तिच्याकडं देतोय, घरातला डिंक संपला आहे.

(पाठीमागं, पेन्सिलीनं)

वन्सं, दंडवत. मी गोजर. भात लावून पाकीट चिकटवायला दिलं, म्हनून आधी वाचलं. माझी सातवी झालेली हाय, हे ह्यांच्या ध्येनात ऱ्हात न्हाई.

पासपोर्ट येऊन लई दिस झाले. तांदळाच्या डब्यात हाय. मोनिकाला मीच फोन केल्ता, म्हनलं सही करू नको, तुमी दोघंच जाऊन या. पोरगी फोनवर रडली. लगीन झाल्यापासून दोघं कुठं गेल्याली न्हाईत, क्लास आन हपिस, हपिस आन क्लास. आन ह्यांच्यासंगं दोन लेकरं परमुलखात? हे मागं लग्नाला मुंबईला गेल्ते, तर आमी ह्यांना हुडकत हुतो. सिंगापुरात लेकरं इमारती बघत बसली असती. मला त्यांच्या हातून चीक हालवून घ्यायचाय, कुरडया घालायच्यात. सोऱ्या संगं आनते. तुमच्या माडीवर ऊन चांगलं हाय. तुमी मातर हे मागचं वाचलंय असं ह्यांना कळू देऊ नका.

त्या पोस्टमनला मी गपचूप मागल्या सालच्या कुरडया दिल्यात. गरीब मानूस उगा शिव्या खातोय.

वन्सं, त्या पासपोर्टाच्या पुस्तकात माझं पुरं नाव छापलंय. गोजरबाई. फोटू बी हाय, एकटीचा. 'व सौ.' न्हाई. मी ते डब्यातून काढून संगं आननार, आन पयल्या दिवशी पार्थाला वाचाया देनार, मोठ्यानं.

दहा वर्सं चालतं म्हनं. तुमीबी काढून ठेवा. पुढल्या साली मी, तुमी, मोनिका आन लेकरं जाऊ. ह्यांची हरकत असंल तर त्यांनी लेखी द्यावी, जावक नंबर घालून.